मॅटाडोर कव्हरवर बसवायची तर

प्रश्न असा आहे: नागपुरातल्या चौघांच्या बँडचा पहिला अल्बम तयार आहे. गॅरेजात उभी असलेली एक जुनी बजाज टेम्पो मॅटाडोर व्हॅन फोटोसाठी मिळते आहे आणि तिलाच कव्हरवर घ्यायचं ठरलंय. अल्बम स्ट्रीमिंगवर जाईलच, शिवाय थोड्या एलपीही (मोठ्या तबकड्या) छापायच्या आहेत. आधी कोणती कव्हरं पाहावीत, फोटो कसा काढावा, फसतं कुठे? आणि चौघांपैकी एकाचं म्हणणं, की मॅटाडोरऐवजी फोक्सवॅगनची कॅम्परव्हॅन भाड्याने आणली तर जास्त शोभेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. फोक्सवॅगनची ती गोल नाकाची गाडी १९५०पासून बनू लागली आणि साठच्या दशकात अमेरिकेतल्या हिप्पी पोरांनी तिला जो अर्थ चिकटवला, तो आजही तिच्यावर आहे. नागपुरात ती उभी केली की एखाद्या कॅफेची सजावट वाटते. मॅटाडोरचं तसं नाही. मंडप-डेकोरेशनचं सामान, ऑर्केस्ट्राचे स्पीकर, निवडणुकीचे भोंगे, वरातीतले पाहुणे, सगळं तिच्यातून गेलंय. झाडीपट्टीतल्या नाटकांचा किंवा गावोगावच्या कव्वालीचा माहोल ज्याने पाहिलाय, त्याला पाठीमागे सामान बांधलेली गाडी दिसली की पुढचं सांगावं लागत नाही. मारुती ओम्नीचंही तसंच: शाळेची पोरं, रुग्णवाहिका आणि हिंदी सिनेमातलं अपहरण, एवढं सगळं त्या एका सरकत्या दारामागे आहे. हा अर्थ फुकट मिळतोय, तो सोडून भाड्याचा कशाला आणायचा?

आता पाहायची कव्हरं. ढीगभर पाहू नका, चार पुरेत. पण पाहताना प्रत्येक वेळी एकच गोष्ट विचारा: या चित्रात गाडीला काम काय दिलंय?

पहिलं, बॉब डिलनचं 'द फ्रीव्हीलिन' बॉब डिलन', १९६३. छायाचित्रकार डॉन हन्स्टीन, जागा न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधली जोन्स स्ट्रीट. डिलन आणि सूझ रोटोलो बिलगून चालत येतात आणि डाव्या कडेला फोक्सवॅगनची व्हॅन उभी आहे. ती तिथे कुणी आणून ठेवलेली वाटत नाही, रस्त्याचीच वाटते. तिचं काम दोनच: रस्त्याची एक बाजू बंद करून नजर मधल्या दोघांकडे ढकलणं, आणि हा रस्ता लोकांच्या वापरातला आहे हे सांगणं.

दुसरं, बीटल्सचं 'ॲबी रोड'. ८ ऑगस्ट १९६९च्या सकाळी इयन मॅकमिलन रस्त्याच्या मध्ये शिडीवर चढले, पोलिसाने वाहतूक थांबवली आणि दहाएक मिनिटांत सहा फ्रेम झाल्या. त्यातली पाचवी निवडली. सगळ्यांचं लक्ष डावीकडच्या पांढऱ्या बीटल गाडीकडे जातं. तुम्ही उजवीकडची काळी पोलीस व्हॅन पाहा. बोटाने ती झाका: चित्र डावीकडे कलतं. बोट काढा: पुन्हा तोल येतो. पांढऱ्या गाडीचं वजन काळ्या गाडीने पेललंय. पुढे १९९७ साली ओएसिसने 'बी हिअर नाऊ'च्या कव्हरवर पोहण्याच्या तलावात बुडालेल्या रोल्स रॉइसला याच पोलीस व्हॅनचा नंबर लावला, एसवायओ ७२४एफ. म्हणजे मागे उभ्या असलेल्या गाडीची पाटीसुद्धा लोक अठ्ठावीस वर्षांनी वाचतात. नंबर प्लेटच्या मुद्द्यावर पुढे येऊच.

तिसरं, ब्लॅक कीज या दोघांच्या बँडचं 'एल कॅमिनो', २०११. नाव एका जुन्या शेव्हरोलेचं आणि चित्रात कुटुंबाची साधी क्रायस्लर मिनीव्हॅन. सुरुवातीला हे दोघे तशाच मिनीव्हॅनमधून दौरे करायचे. इथे गाडी एकटी आहे, माणूस नाही आणि सगळा विनोद नाव आणि चित्र यांच्या न जुळण्यात आहे. नावात दम नसेल तर हा प्रकार करू नका, जुन्या गाड्यांच्या बाजारातली जाहिरात दिसेल.

चौथं तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं: पिंक फ्लॉइडच्या 'उम्मागुम्मा'ची मागची बाजू, १९६९. लंडनजवळच्या बिगिन हिल विमानतळावर काँक्रीटच्या पट्टीवर बँडची गाडी उभी आहे आणि तिच्यापुढे बँडचं सगळं सामान जमिनीवर मांडलंय, स्पीकर, ॲम्प्लिफायर, ड्रम, काठ्यासुद्धा. बरोबर ॲलन स्टाइल्स आणि पीटर वॉट्स हे दोन रोडी, म्हणजे दौऱ्यात सामान सांभाळणारे मदतनीस. लढाऊ विमानापुढे त्याचे बॉम्ब आणि गोळ्या ओळीने मांडून फोटो काढतात, त्यावरून ड्रमवादक निक मेसनला ही कल्पना सुचली. आता नीट पाहा: मोठं सामान मागे, बारीक पुढे, दोन्ही बाजू आरशात पाहिल्यासारख्या सारख्या आणि दोन वस्तूंमध्ये जमीन दिसेल एवढी फट. ही फट नसती तर भंगाराचा ढीग दिसला असता. मॅटाडोरचं खरं काम सामान वाहणं. म्हणून तुमच्या कव्हरला हीच मांडणी शोभेल, आणि तिची नक्कल होणार नाही, कारण तुमच्या सामानात हार्मोनियमची पेटी असेल, ढोलकी असेल, स्टीलची पाण्याची टाकी असेल, गुंडाळलेली सतरंजी असेल. राजेहो, सतरंजी विसरू नका, तिच्यासारखा जमिनीवरचा रंग दुसरा नाही.

आता चौकोनाचं गणित, कारण निम्मी कव्हरं इथेच बिघडतात. अल्बमचं कव्हर चौरस असतं आणि गाडी लांबुळकी. उदाहरणासाठी ओम्नीची मापं घेऊ: लांबी ३३७० मिलिमीटर, रुंदी १४१०, उंची १६४०. बाजूने फोटो घेतला तर लांबी उंचीच्या दुप्पट, म्हणजे चौरसात ती मध्ये पट्टीसारखी बसते, वर-खाली अर्धी जागा रिकामी. सगळे म्हणतात, मग तिरकी घ्या. पण गाडीच्या नाकापासून ३५ अंश बाजूला सरकलं तरी दिसणारी रुंदी सुमारे ३.१ मीटर भरते, म्हणजे उंचीच्या पावणेदोन पटीच्या वरच. फारसं काही वाचलं नाही. २० अंशांवर या: रुंदी अडीच मीटर, प्रमाण दीडपट. आणि समोरून घेतली तर रुंदी उंचीपेक्षा कमी, जवळजवळ चौरसच. चपट्या तोंडाच्या गाड्यांचा हाच फायदा आहे. मॅटाडोरला बॉनेटचं नाक नाही, समोर नुसती काच, जाळी आणि दोन दिवे. ते तोंड चौरसात शिक्क्यासारखं बसतं. तेव्हा नियम असा धरा: माणसं किंवा सामान महत्त्वाचं असेल तर गाडी समोरून किंवा १५-२० अंशांत, गाडीचं अंग महत्त्वाचं असेल (त्यावर काही रंगवलं असेल) तर सरळ बाजूने, आणि वरची रिकामी जागा नावासाठी मुद्दाम राखलेली. ३०-४५ अंशांचा तो विक्रीच्या जाहिरातीतला कोन टाळा.

मॅटाडोरची मापं मॉडेलप्रमाणे बदलतात, टेप लावून मोजा आणि खालचं सूत्र वापरा. फुलफ्रेम कॅमेऱ्याच्या सेन्सरची उंची २४ मिलिमीटर, चौरस कापल्यावर तेवढीच रुंदी हाती राहते. गाडीने चित्राच्या रुंदीचा ७० टक्के भाग व्यापावा असं ठरवलं तर बाजूने उभ्या ओम्नीसाठी ४.८ मीटर रुंदीचं दृश्य लागेल. ४.८ला लेन्सच्या मिलिमीटरने गुणा, २४ने भागा: ५० मिलिमीटरला १० मीटर अंतर, ८५ला १७ मीटर, २४ला ४.८ मीटर. २४ची लेन्स लावून पावणेपाच मीटरवरून घेतलेल्या गाडीचं जवळचं चाक फुगतं आणि मागचा भाग पळून गेल्यासारखा दिसतो. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण याच जातीची असते, म्हणून मोबाइलवरची गाडी नेहमी खेळण्यातली वाटते. ५० ते ८५ घ्या आणि मागे सरका. जागा निवडतानाच हे अंतर पावलांनी मोजून घ्या, गल्लीत १७ मीटर मागे जाता येत नाही.

कॅमेऱ्याची उंची हेडलाइटच्या जरा वर, ९० ते ११० सेंटिमीटर. डोळ्यांच्या उंचीवरून घेतलं की गाडी ठेंगणी होते, आणि जमिनीला टेकून घेतलं की प्रचाराच्या पोस्टरसारखी छाती काढते.

प्रकाशाबद्दल नागपूरकरांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मेच्या २६ तारखेच्या आसपास इथे दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत सकाळी साडेआठनंतर गाडीच्या टपावर आग आणि अंगावर अंधार, काच पांढरी. उलट डिसेंबरात भर दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून हिवाळ्यात अकरा वाजताचा प्रकाशही चालून जातो. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो, साडेपाचच्या जरा नंतर मावळतो. मावळल्यानंतरची वीस-बावीस मिनिटं सगळ्यात मोलाची: आभाळ निळं, गाडीच्या पत्र्यावर एकसारखी मऊ चमक आणि दिव्यांचा पिवळा रंग शिल्लक. आपल्याकडे संधिप्रकाश लवकर आटपतो, त्यामुळे ट्रायपॉड, फोकस आणि माणसांच्या जागा सूर्य असतानाच पक्क्या हव्यात.

त्या वेळेसाठी एक सुरुवातीचं माप. माणसं नसतील तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सचं छिद्र) ८, दोन ते चार सेकंद. माणसं असतील तर चार सेकंद कुणी दगडासारखं उभं राहत नाही. आयएसओ ८००, एफ ५.६, पाव सेकंद करा, प्रकाश तेवढाच मिळतो आणि पाव सेकंद श्वास रोखता येतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सला दहा मीटरवर फोकस केला तर एफ ५.६ला सुमारे सहा मीटरपासून तीसेक मीटरपर्यंत सगळं धारदार राहतं, म्हणजे पुढचं सामान आणि मागची गाडी दोन्ही. इंजिन बंद ठेवा, डिझेल गाडीची थरथर पाव सेकंदात दिसते. पण इंजिन बंद आणि हेडलाइट चालू म्हणजे दोन दिव्यांना मिळून दहाएक अँपिअर बॅटरीतून जातात. चांगली बॅटरी अर्धा तास सहज देईल, गॅरेजात पडलेल्या गाडीची दहा मिनिटांत दिवे पिवळे करील. जंप केबल आणि दुसरी बॅटरी जवळ असू द्या.

काच हा वेगळा त्रास आहे. समोरच्या काचेत आभाळ उतरतं, आत बसलेला गायक गायब होतो. त्यावर पोलरायझर फिल्टर, पण त्याची रीत समजून घ्या. काचेवरचं प्रतिबिंब तो एका ठरावीक तिरकसपणातच कापतो, काचेला लंब रेषेपासून सुमारे ५५ अंशांवर. सरळ समोरून काही उपयोग नाही, तिथे काळा कपडाच हवा: दहा बाय दहा फुटांचं काळं कापड दोघांनी कॅमेऱ्याच्या मागे आणि वर धरायचं. क्रोमचा बंपर, चाकाची चकती यांच्यावर पोलरायझर चालत नाही, धातूची चमक तशीच राहते. प्रकाशही दीड-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा). आणि एक फसगत: बाजूच्या टफन काचांवर पोलरायझरने निळसर-जांभळे ठिपक्यांचे डाग उमटतात. काच कडक करताना तिच्यात जो ताण राहतो, तो दिसू लागतो. समोरची लॅमिनेटेड काच असं करत नाही. त्या ठिपक्यांना मळ समजून अर्धा तास काच पुसणारे कमी नाहीत. फिल्टर फिरवा, डाग गेले नाहीत तर काढून टाका.

गाडी तयार करताना धुण्याचा प्रश्न आधी सोडवा. धुळकट गाडी हवी असेल तर पूर्ण धुळकट, धुवायची तर पूर्ण. अर्धवट पुसलेल्या पत्र्यावर फडक्याचे फराटे दिसतात आणि वायपरची अर्धवर्तुळं काचेवर उरतात. रिकामी गाडी मागून उचललेली दिसते, कारण मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वजनासाठी बनवलेले असतात. आत, मागच्या ॲक्सलच्या वर सिमेंटची किंवा वाळूची ५० किलोची तीन-चार पोती ठेवा, गाडी पातळीत येते आणि आपोआपच कामावर निघाल्यासारखी वाटते. स्टिअरिंग कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला वळवा: कॅमेरा गाडीच्या डाव्या नाकाकडे असेल तर चाकं उजवीकडे. मग रिमचं तोंड दिसतं. उलट वळवलं तर नुसतं टायरचं रबर. चारही टायरमध्ये हवा सारखी करा, महिने उभ्या असलेल्या गाडीचा एक टायर हमखास बसलेला असतो आणि फोटोत तोच आधी दिसतो.

सरकतं दार उघडं ठेवणार असाल तर जरा थांबा. उघडं दार चित्रात काळा आयत होतं, एवढा काळा की गाडीला भगदाड पडल्यासारखं वाटावं. आत प्रकाश भरा. १२ व्होल्टची पिवळसर एलईडी पट्टी टपाच्या आतल्या कडेला, कॅमेऱ्याकडे पाठ करून लावा, म्हणजे पट्टी दिसणार नाही, उजेड दिसेल. गाडीच्या आत, दारासमोरच्या भिंतीला पांढरी चादर बांधा, ती उजेड परत फेकते. मग आतल्या वस्तू निवडा, पाच-सहाच: स्पीकरच्या केबलची एक गुंडाळी, डफ, स्टीलचा डबा, सीटच्या रेक्झिनला पडलेली चीर. चीर शिवू नका. बघणाऱ्याचं बोट तिच्यावर थांबतं, एलपी हातात धरणारा माणूस असलेच तपशील शोधत असतो.

टपावर बसून फोटो हवाच असेल तर गाडी उभी असतानाच, आणि थेट पत्र्यावर बसून नाही. ओम्नीच्या टपाचा पत्रा गुडघ्याने दबतो. कॅरिअरच्या आडव्या दांड्यांवर १२ मिलिमीटरचं प्लायवुड टाका, माणसं टप पेलणाऱ्या खांबांच्या वर येतील अशी बसवा, दोघांपेक्षा जास्त नकोत.

गाडीवर बँडचं नाव किंवा नक्षी हवी असेल तर ऑइलपेंटचा डबा उघडू नका. आरसीवर नोंदलेला रंग बदलला की आरटीओत नोंद करावी लागते, आणि गाडी परक्याची आहे. रेडियमवाल्याकडून विनाइल कापून घ्या आणि त्याला स्पष्ट सांगा, की काढता येणाऱ्या डिंकाचं हवं. सावलीत, पत्रा थंड असताना, साबणाच्या पाण्याचा फवारा मारून चिकटवा, प्लास्टिकच्या पट्टीने मधून बाहेर पाणी काढा. तीन-चार दिवसांत हेअर ड्रायरने कोमट करून, पृष्ठभागाला लगटून हळू ओढा. जुन्या मॅटाडोरला कित्येकदा लांबी (पुट्टी) भरून पुन्हा रंगवलेलं असतं, त्या जागी विनाइलबरोबर रंगाचा पापुद्राही येतो. आधी दिसणार नाही अशा कोपऱ्यात तळहाताएवढा तुकडा लावून पाहा. काचेवर लिहायचं असेल तर पोस्टर कलरमध्ये भांडी घासायचा द्रव साबण मिसळा, १०० मिलिलिटरला एक चमचा. साबणाने रंग गुळगुळीत काचेला धरतो आणि नंतर ओल्या फडक्याने उतरतो. तोच रंग पांढऱ्या पत्र्यावर उन्हात दिवसभर ठेवू नका, लाल रंग डाग सोडतो.

नंबर प्लेट. सार्वजनिक रस्त्यावर ती काढणं, झाकणं, खोटी लावणं, तिन्ही गुन्हे आहेत, गाडी पार्क केलेली असली तरी. ॲबी रोडवरच्या त्या बीटलची पाटी चाहते पुन्हा पुन्हा चोरून न्यायचे. तुमच्या गाडीचं तसं होवो न होवो, पण मालकाचा नंबर जगभर फिरू नये म्हणून फोटो खऱ्या पाटीसह काढा आणि संगणकावर ती कोरी करा किंवा अल्बमची तारीख लिहा. एमएच ३१, ४० की ४९ एवढं ठेवलंत तर नागपूरकर ओळखेल आणि मालकही सापडणार नाही. कोऱ्या पाटीचा तुकडा ओळखू येऊ नये म्हणून तिच्यावरचे स्क्रू आणि सावली तशीच राहू द्या. गाडी कंपाउंडमध्ये, खाजगी आवारात असेल तर पाटी बदलूनही फोटो घेता येतो, मात्र बाहेर काढण्याआधी खरी लावा. कंपनीचं बोधचिन्हही पुसून टाका. स्ट्रीमिंगवर गाणी पोहोचवणाऱ्या बऱ्याच डिजिटल वितरकांच्या नियमांत परवानगीशिवाय ब्रँडची चिन्हं चालत नाहीत, आणि कव्हर अडलं की प्रकाशनाची तारीख पुढे जाते. वेबसाइटचा पत्ता, सोशल मीडियाचं नाव, किंमत हेही कव्हरवर नको, त्यानेही परत येतं.

जागा. सामान मांडायला उम्मागुम्मासारखं काँक्रीट हवं, सपाट, एकरंगी. बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत रविवारी सकाळी ते मिळतं, कारखान्याच्या मालकाची लेखी परवानगी घेऊन. वर्धा रोडवरच्या ३.१४ किलोमीटरच्या डबल डेकर पुलाखाली दिवसभर सावली आणि दोन्ही बाजूंनी मऊ उजेड असतो, खांबांची रांग नजरेला आत नेते, मात्र तिथे गाडी थांबवायची तर वाहतूक पोलिसांना विचारल्याशिवाय नाही. कळमना बाजार मोहात पाडतो: आंबिया बहाराच्या हंगामात, ऑक्टोबर ते डिसेंबर, संत्र्यांच्या ढिगांपुढे मॅटाडोर. रंग अप्रतिम, पण लिलावाच्या वेळी कुणालाही तुमच्यासाठी वेळ नसतो. बाजार समितीशी बोलून लिलाव संपल्यानंतरचा तास मागा. कामठीच्या छावणीच्या बाजूला कॅमेरा उघडू नका. ड्रोन आणायचा असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा पाहा, विमानतळ वर्धा रोडलाच असल्याने शहराचा मोठा भाग मोकळा नाही. सामान मांडलेला फोटो वरून छान दिसतो, पण त्याला ड्रोनच लागतो असं नाही, आठ फुटी शिडी पुरते. मॅकमिलनही शिडीवरच होते.

कागदपत्रं दोनच, पण दोन्ही लेखी. गाडीमालकाचं संमतिपत्र: गाडीचं चित्र कव्हर, पोस्टर, टी-शर्टवर वापरायला हरकत नाही, एवढं. आणि छायाचित्रकाराशी करार. इथे बहुतेक बँड गाफील राहतात. कॉपीराइट कायदा, १९५७प्रमाणे पैसे देऊन, तुमच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. पण मित्राने फुकट काढून दिलं तर मालक मित्रच. त्याच्याकडून हक्क घ्यायचे तर लेखी आणि सहीनिशी घ्यावे लागतात, आणि त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं कायदा धरतो. स्ट्रीमिंग जगभर आहे. तेव्हा 'जगभर' आणि 'हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी' हे शब्द त्यात असलेच पाहिजेत.

फाइलचं माप. स्ट्रीमिंगसाठी वितरक साधारणपणे ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी (पडद्याचे रंग) मागतात. एलपीचं कव्हर सुमारे ३१५ मिलिमीटर चौरस, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३७२० पिक्सेल, चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून ३७९०च्या आसपास. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चौरस कापून ४००० उरतात, म्हणजे फोटो काढतानाच चौकट बरोबर हवी, नंतर कापायला जागा नाही. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा चौरस ३०२४: स्ट्रीमिंगला कसाबसा पुरतो, एलपीला २४४ डीपीआय पडतं आणि गाडीच्या जाळीच्या बारीक रेषा विरघळतात.

मग नखाची परीक्षा. चित्र मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं करून दोन हात लांब धरा. गाडी आहे हे कळलं पाहिजे, एवढंच. सामान, चीर, डफ हे तिथे दिसणार नाही आणि दिसायचं कारणही नाही, ते एलपी हातात घेणाऱ्यासाठी आहे. गाडी कळत नसेल तर दोष बहुधा मागच्या भिंतीचा: पांढरी गाडी पिवळट भिंतीपुढे, राखाडी गाडी डांबरावर. मागची भिंत गाडीपेक्षा स्पष्ट गडद किंवा स्पष्ट उजळ हवी.

छपाईत दोन ठिकाणी पैसे बुडतात. पहिलं, नारंगी. संत्र्यांचा किंवा गाडीचा झगझगीत नारंगी पडद्यावर दिसतो तसा सीएमवायके, म्हणजे छपाईच्या नेहमीच्या चार शायांत उतरत नाही, विटकरीकडे झुकतो. तोच रंग कव्हरचा जीव असेल तर पाचवी शाई म्हणून पँटोन ऑरेंज ०२१ मागा, खर्च वाढतो, पण दुसरा उपाय नाही. दुसरं, संध्याकाळचे फोटो. कागदावर गडद भाग आणखी बुडतात, मॅट लॅमिनेशन केलं तर जास्तच. सावल्या पडद्यावर जरा जास्त उजळ वाटतील इतक्या वर आणा आणि ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर, लॅमिनेशनसह, एक प्रूफ काढा. प्रेसवाला साध्या आर्ट पेपरवर प्रूफ दाखवेल, ते चालणार नाही.

घडीचं कव्हर, म्हणजे गेटफोल्ड, करून गाडी दोन्ही पानांवर पसरवायचा विचार असेल तर गाडी थोडी सरकवा, घडी दाराच्या रेषेवर येऊ द्या. चाक किंवा चेहरा घडीवर आला तर महिनाभर उघडबंद केल्यावर तिथली शाई तडकून पांढरी रेघ पडते. दाराच्या फटीत ती रेघ फटीतच खपून जाते.